ऑपरेशननंतर स्वादुपिंड काम करतंय का? सीटी आणि एमआरआय काय दाखवतात, काय दाखवत नाहीत

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या पट्ट्यातल्या कुणाचं स्वादुपिंडाचं, म्हणजे पॅनक्रियाजचं, मोठं ऑपरेशन असेल तर ते साधारणपणे पुण्यात किंवा मुंबईत होतं. माणूस घरी येतो. काही महिन्यांनी सीटी स्कॅन होतो. रिपोर्टमध्ये काळजीचं काही नसतं आणि घरचे निर्धास्त होतात. पण पेशंटचं वजन उतरतच राहतं, शौच तेलकट होतं, दोन घास जास्त खाल्ले की पोट फुगतं. मग घरात जो स्मार्टफोनवाला असतो त्याच्याकडे रिपोर्ट येतो: ‘बघ रे, गूगलवर काय म्हणतात ते.’

हा लेख त्या स्मार्टफोनवाल्यासाठी आहे.

थोडक्यात सांगायचं तर

- साधा सीटी किंवा एमआरआय स्वादुपिंडाची रचना दाखवतो. ते काम किती करतंय, हे त्यातून थेट कळत नाही.
- काम बघायचं असेल तर स्वादुपिंडाला कामाला लावून त्याची ओळीने चित्रं काढावी लागतात. या तपासणीला सीक्रेटिन एमआरसीपी म्हणतात.
- या तपासणीतही पाचक रसाचं पाणी दिसतं, त्यातली एन्झाइम दिसत नाहीत.
- म्हणून ‘स्कॅन नॉर्मल’ याचा अर्थ ‘पचन नॉर्मल’ असा होत नाही. लक्षणं, शौचाची तपासणी आणि स्कॅन तिन्ही एकत्र बघावं लागतं.

स्वादुपिंडाची दोन कामं आणि ऑपरेशनने होणारा बदल

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं. लांबी साधारण १५ सेंटीमीटर. त्याची कामं दोन.

पहिलं काम पाचक रस बनवण्याचं. हा रस दिवसाला एक लिटरहून जास्त तयार होतो आणि एका मुख्य नलिकेतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये, उतरतो. त्यात चरबी पचवणारं लायपेज, पिष्ट पचवणारं अमायलेज आणि प्रथिनं पचवणारी एन्झाइम असतात. सोबत जठरातल्या आम्लाचा जोर कमी करणारं बायकार्बोनेट असतं.

दुसरं काम इन्सुलिनसारखी संप्रेरकं थेट रक्तात सोडण्याचं. हे काम करणाऱ्या पेशींची बेटं सगळ्या स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच असतात.

स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ असेल तर बहुधा व्हिपल ऑपरेशन करतात. अमेरिकन सर्जन ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली ही पद्धत मांडली, म्हणून ते नाव. महाराष्ट्रात हे ऑपरेशन मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या ठिकाणांत मुंबईचं टाटा मेमोरियल येतं. यात स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढतात. काही वेळा जठराचा खालचा तुकडाही जातो. उरलेलं स्वादुपिंड पुढच्या आतड्याला किंवा जठराला जोडतात.

म्हणजे ऑपरेशननंतर तीन प्रश्न उरतात. उरलेला तुकडा पुरेसा आहे का? जोड मोकळा आहे का? आणि रस जेवणाच्या वेळी जेवणापर्यंत पोचतोय का? स्कॅन यातल्या पहिल्या दोन प्रश्नांना बरं उत्तर देतो. तिसऱ्याला अर्धवट.

कालवा दिसतो, पाणी दिसत नाही

डिंभे धरणाच्या कालव्याचा सॅटेलाइट फोटो तुम्ही मॅपवर पाहिला असेल. कालवा कुठून कुठे जातो, कुठे रुंद आहे, हे त्यात दिसतं. पण आवर्तन सुटल्यावर शेवटच्या शेतकऱ्याला पाणी मिळतं का, हे त्या एका फोटोवरून सांगता येणार नाही. त्यासाठी आवर्तन सुटायला हवं आणि पाणी कुठवर पोचलं ते दर थोड्या वेळाने बघायला हवं.

स्वादुपिंडाचंही तसंच आहे. उपाशी पोटी ते जवळपास शांत असतं. अशा वेळी काढलेला स्कॅन म्हणजे आवर्तन बंद असतानाचा कालव्याचा फोटो.

सीटी स्कॅनमधून काय कळतं

सीटीमध्ये क्ष-किरण वेगवेगळ्या कोनांतून शरीरातून जातात आणि कॉम्प्युटर त्यावरून आडवे छेद तयार करतो. प्रत्येक ठिपक्याला हाउन्सफील्ड नावाच्या एककात आकडा असतो. पाण्याचा ०, चरबीचा साधारण उणे १००, हवेचा उणे १०००.

ऑपरेशननंतर सीटीत मुख्यतः या गोष्टी बघतात:

- उरलेला भाग किती आहे. प्रत्येक छेदावर स्वादुपिंडाची कड आखून घनफळ काढता येतं. उरलेला भाग लहान असेल तर पचनाची आणि साखरेची अडचण होण्याची शक्यता वाढते.
- तो वाळत चाललाय का. स्वादुपिंड पातळ होणं, त्यात चरबी भरणं, कॅल्शियमचे कण दिसणं या वाईट खुणा.
- मुख्य नलिका फुगली आहे का. निरोगी माणसात ती साधारण २ ते ३ मिलिमीटर असते. जोडाच्या मागे ती फुगलेली दिसली तर पुढे अडथळा असल्याची शंका येते.
- गाठ परत आली आहे का. कॅन्सरच्या पेशंटमध्ये फॉलोअपचा सीटी मुख्यतः याचसाठी असतो.

शेवटचा मुद्दा नीट लक्षात घ्या. डॉक्टरांनी सीटी ‘गाठ परत आली का’ हे बघायला सांगितलेला असतो. रिपोर्टमधलं ‘नॉर्मल’ हे त्या प्रश्नाचं उत्तर असतं. पचनाचा प्रश्न त्या स्कॅनला कुणी विचारलेलाच नसतो.

एमआरसीपी: फक्त पाण्याचं चित्र

एमआरसीपी हा एमआरआयचाच एक प्रकार. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका बघण्यासाठी तो वापरतात. यात क्ष-किरण नसतात आणि साध्या एमआरसीपीला शिरेतून औषध द्यावं लागत नाही.

मग नलिका उठून कशी दिसते? देवळातली घंटा वाजवली की नाद बराच वेळ घुमतो. लाकडी फळीवर टिचकी मारली तर आवाज लगेच मरतो. दोन्ही एकदम वाजवा आणि थोडं थांबून ऐका: फक्त घंटा ऐकू येईल. एमआरआयमध्ये साचलेलं पाणी घंटेसारखं वागतं आणि मांसल भाग फळीसारखा. मांसल भागाचा सिग्नल काही दशांश सेकंदांत विरतो. मशीन मुद्दाम उशिरा ऐकते, म्हणून चित्रात पित्त आणि पाचक रस पांढरे चमकतात आणि बाकी सगळं काळं पडतं.

अडचण एकच. जठरात आणि आतड्यातही पाणी असतं, तेही चमकतं आणि नलिका झाकली जाते. त्यावर एक साधा उपाय आहे: स्कॅनआधी अननसाचा रस पाजतात. अननसात मँगनीज असतं आणि त्यामुळे पोटातलं द्रव या चित्रात काळं पडतं.

सीक्रेटिन एमआरसीपी: आवर्तन सोडून बघणं

१९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी सीक्रेटिन शोधलं. संप्रेरक म्हणून ओळखला गेलेला हा पहिला पदार्थ. जेवण जठरातून पुढे सरकलं की आतड्याची भिंत सीक्रेटिन सोडते आणि ते स्वादुपिंडाला सांगतं: पाणी आणि बायकार्बोनेट सोड.

तपासणी साधारण अशी होते:

1. पेशंटला चार ते सहा तास उपाशी ठेवतात.
2. आधी एक साधं एमआरसीपी काढतात. ही सुरुवातीची पातळी.
3. शिरेतून हळूहळू सीक्रेटिन देतात. प्रमाण वजनावर ठरतं, साधारण दर किलोला ०.२ मायक्रोग्रॅम.
4. मग दर अर्ध्या ते एक मिनिटाने एक चित्र, असं दहा मिनिटं किंवा थोडं जास्त. प्रत्येक चित्राच्या वेळी श्वास रोखायला सांगतात.
5. शेवटी सगळी चित्रं ओळीने बघतात, जणू एक छोटा व्हिडिओ.

निरोगी स्वादुपिंडात नलिका सुरुवातीला किंचित रुंदावते, दहा मिनिटांच्या आसपास परत मूळ मापावर येते आणि आतड्यात पांढरं पाणी भरत जाताना दिसतं. पाणी किती लांबवर भरलं यावरून श्रेणी देतात.

व्हिपलनंतर ड्युओडेनमच नसतो, त्यामुळे पाणी जोडलेल्या आतड्यात येतं का ते बघतात. तीन चित्रं वेगळी ओळखता येतात:

- नलिका रुंदावली, परत आकसली, आतड्यात पाणी आलं: जोड मोकळा आहे, स्वादुपिंड प्रतिसाद देतंय.
- नलिका फुगली आणि फुगलेलीच राहिली, आतड्यात पाणी जेमतेम: जोड आकसल्याची दाट शंका. इथे दुरुस्तीचा विचार होऊ शकतो.
- नलिका फारशी हललीच नाही आणि पाणीही आलं नाही: स्वादुपिंडच थकलेलं असण्याची शक्यता. इथे जोड उघडून फारसं काही हाती लागत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात पेशंटला त्रास सारखाच होतो, उपचार मात्र वेगळे. या तपासणीची खरी किंमत तिथे आहे.

स्वादुपिंड जठराला जोडलेलं असेल तर रस जठरात पडतो आणि तिथल्या द्रवात वेगळा ओळखणं अवघड जातं. म्हणून स्कॅन सेंटरला ऑपरेशनचा तपशील आधी द्यावा लागतो.

सीक्रेटिनने काही जणांना थोडा वेळ चेहरा गरम होणं, मळमळ किंवा पोटात दुखणं असा त्रास होतो. स्वादुपिंडाला ताजी सूज असेल तेव्हा ही तपासणी टाळतात.

एमआरआय आणि खोडदची दुर्बीण

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण तुम्ही पाहिली असेल. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. एमआरआय मशीन आणि ही दुर्बीण यांचं नातं वाटतं त्यापेक्षा जवळचं आहे.

दोन्ही मुळात रेडिओच. शरीरात सगळीकडे पाणी आहे आणि पाण्यात हायड्रोजन. १.५ टेस्लाच्या एमआरआयमध्ये हायड्रोजनचा सिग्नल सुमारे ६४ मेगाहर्ट्झवर येतो, ३ टेस्लाच्या मशीनमध्ये सुमारे १२८ वर. तुमचा एफएम रेडिओ या दोन्हींच्या मधे, ८८ ते १०८ वर वाजतो. म्हणून एमआरआयची खोली धातूच्या आवरणाने बंदिस्त केलेली असते, बाहेरचा रेडिओ गोंगाट आत येऊ नये म्हणून.

दोन्हीकडचं गणितही सारखंच. खोडदच्या अँटेना आकाशाचा थेट फोटो काढत नाहीत. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी चित्रातली एक ‘लहर’ मोजते: किती बारीक, कोणत्या दिशेची, किती जोराची. सगळ्या लहरी एकत्र करून कॉम्प्युटर चित्र उभं करतो. या गणिताला फुरिये रूपांतर म्हणतात. एमआरआयही शरीरातल्या अशाच लहरी मोजतो. एमआरआयमध्ये ही पद्धत १९७५ साली मांडणाऱ्या तिघांमध्ये अनिल कुमार हे भारतीय शास्त्रज्ञ होते. सोबतचे दोघे वेल्टी आणि अर्न्स्ट.

सीटीचंही नातं आहे. जीएमआरटी उभारणारे गोविंद स्वरूप यांनी स्टॅनफर्डमध्ये रोनाल्ड ब्रेसवेल यांच्याकडे पीएचडी केली. ब्रेसवेल यांनी १९५६ साली रेडिओ खगोलशास्त्रासाठी पट्ट्यापट्ट्यांच्या मोजणीतून चित्र परत मिळवण्याचं गणित मांडलं होतं. तीच कल्पना पुढे सीटीच्या कामी आली. १९७१ साली जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी त्यासाठी जी सोपी पद्धत दिली तिला आजही राम-लॅक फिल्टर म्हणतात.

हे कळल्यावर टेक्निशियन ‘हलू नका, श्वास रोखा’ असं का बजावतो ते उमगतं. लहरी मोजायला वेळ लागतो. मधे पोट हललं तर आधीच्या आणि नंतरच्या लहरी जुळत नाहीत आणि अख्खं चित्र बिघडतं, नुसता हललेला भाग नाही.

चित्रात न दिसणारं अपचन

आता मूळ प्रश्न. जोड मोकळा, नलिका ठीक, पाणीही येतंय, तरी अन्न अंगाला का लागत नाही?

पहिलं कारण. सीक्रेटिन मुख्यतः पाणी आणि बायकार्बोनेट सोडायला लावतं. एन्झाइम सोडायला लावणारं संप्रेरक वेगळं, त्याचं नाव कोलेसिस्टोकायनिन. एमआरआय पाणी दाखवतो. त्या पाण्यात लायपेज किती, हे तो सांगू शकत नाही. पाण्यात खत किती मिसळलंय हे पाइपचा फोटो बघून कळतं का? तसंच.

दुसरं कारण. ही दोन्ही संप्रेरकं मोठ्या प्रमाणात ड्युओडेनममधून येतात आणि व्हिपलमध्ये तोच काढलेला असतो. म्हणजे स्वादुपिंड ठीक असलं तरी त्याला हाक देणारा कमी पडतो.

तिसरं कारण वेळेचं. नव्या जोडणीत अन्न एका वाटेने येतं आणि रस दुसऱ्या. अन्न पुढे निघून गेलं आणि रस मागून आला तर दोन्ही असून पचन अपुरंच.

म्हणून पचनासाठी वेगळ्या तपासण्या लागतात:

- लक्षणं: तेलकट, फिकट, उग्र वासाचं, पाण्यावर तरंगणारं शौच. वजन घटणं. पोट फुगणं. चरबी न पचल्याने अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही कमी पडतात.
- शौचातलं इलास्टेज: दर ग्रॅमला २०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरतेची शंका, १०० च्या खाली असेल तर जास्त गंभीर. व्हिपलनंतर हा आकडा थोडा कमी भरवशाचा असतो आणि पातळ जुलाबात तो खोटाच कमी येऊ शकतो.
- एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू करून बघणं: लक्षणं ठळक असतील तर डॉक्टर थेट हेच करू शकतात. वजन वाढायला लागलं, शौच सुधारलं, की उत्तर मिळालं.

इलास्टेजची तपासणी साध्या नमुन्यावर होते. जवळच्या लॅबने नमुना मोठ्या लॅबकडे पाठवला तर पेशंटला पुण्याची चक्कर पडत नाही. आधी फोन करून विचारा.

इन्सुलिनचंही तसंच. ती बेटं मिलिमीटरच्या काही दशांश भागाएवढी असतात, नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसतच नाहीत. त्यासाठी रक्तातली साखर आणि एचबीए१सी हेच मार्ग. ऑपरेशनआधी मधुमेह नसला तरी नंतर होऊ शकतो, म्हणून ही तपासणी सोडू नका.

एआय हे काम करेल का?

उरलेल्या स्वादुपिंडाचं घनफळ हाताने काढायचं म्हणजे डॉक्टरांनी एकेक छेद आखत बसायचं. हे काम प्रोग्रॅमकडून करून घेणं शक्य आहे. पण स्वादुपिंड हा एआयसाठी अवघड अवयव आहे. लहान, वाकडा, शेजारच्या आतड्यासारखाच दिसणारा आणि प्रत्येकात वेगळा.

अचूकता मोजायला डाइस स्कोअर वापरतात. समजा डॉक्टरांनी १०० ठिपके स्वादुपिंडाचे म्हणून आखले, प्रोग्रॅमनेही १०० आखले आणि त्यातले ८० जुळले. मग स्कोअर ०.८. यकृतासारख्या मोठ्या अवयवात प्रोग्रॅम ०.९५ च्या आसपास सहज जातात, स्वादुपिंडात त्याच्या बरेच मागे राहतात.

मेख डेटामध्ये आहे. मॉडेल शिकवायला सर्रास वापरले जाणारे दोन खुले संच म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा ८२ स्कॅनचा आणि मेडिकल सेग्मेंटेशन डेकॅथलॉनमधला ४२० स्कॅनचा. दोन्हींत अखंड, न कापलेलं स्वादुपिंड आहे. ज्या मॉडेलने ऑपरेशननंतरची रचना पाहिलीच नाही, ते जोडलेल्या आतड्याला स्वादुपिंड समजू शकतं. त्यामुळे अशा आकड्यावर रेडिओलॉजिस्टची नजर फिरलेली असणं गरजेचं आहे.

तुमच्या हातातलं काम: फाइल नीट सांभाळा

इथे स्मार्टफोनवाल्याचा खरा उपयोग आहे.

1. फिल्मचा फोटो पाठवू नका. सीटीच्या मूळ फाइलमध्ये साधारण ४,०९६ छटा साठवता येतात. फोनच्या जेपीजी फोटोत राखाडी रंगाच्या फक्त २५६. व्हॉट्सॲप तो आणखी दाबतं. डॉक्टरांना हवा असलेला बारीक फरक तिथेच हरवतो.
2. डायकॉम फाइल मागा. स्कॅन सेंटर सीडी, पेन ड्राइव्ह किंवा लिंक देतं. फोल्डरची झिप करून क्लाउडवर ठेवा, किंवा व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.
3. उघडून बघा. कॉम्प्युटरवर रेडियंट, वेसिस किंवा हॉरॉससारखा व्ह्यूअर लागतो. निदान करायला नाही, फाइल पूर्ण आहे का ते तपासायला.
4. जुने स्कॅन फेकू नका. नलिका ४ मिलिमीटर आहे, हे एकटं वाक्य फारसं काही सांगत नाही. सहा महिन्यांपूर्वी ती २ होती, हे कळल्यावर अर्थ लागतो.
5. नाव जपा. डायकॉम फाइलच्या आत पेशंटचं नाव, जन्मतारीख, नंबर असतो. अनोळखी साइटवर किंवा चॅटबॉटवर ती टाकू नका.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

- हा स्कॅन नक्की कशासाठी आहे: गाठीसाठी, जोडासाठी की पचनासाठी?
- नलिकेचं माप मागच्या वेळेपेक्षा बदललंय का?
- शौचाचं इलास्टेज करायची गरज आहे का?
- एन्झाइमच्या कॅप्सूल लागतील का आणि कशा घ्यायच्या?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सीक्रेटिन एमआरसीपी सगळ्यांना लागतं का?
नाही. जोड आकसल्याची शंका असेल किंवा पोटदुखीचं कारण सापडत नसेल तेव्हा ते उपयोगी पडतं. सीक्रेटिन सगळीकडे सहज मिळत नाही, म्हणून निघण्याआधी सेंटरला फोन करून खात्री करा.

पोटात ऑपरेशनच्या क्लिप असतील तर एमआरआय चालतो का?
आजकालच्या बहुतेक क्लिप चालतात. तरीही ऑपरेशनचा कागद सोबत न्या आणि पेसमेकर किंवा शरीरात कुठलाही धातू असेल तर आत जाण्याआधी सांगा.

कॅप्सूलवरचा १०,००० किंवा २५,००० हा आकडा कसला?
लायपेजच्या युनिटचा. डोस डॉक्टर ठरवतात. कॅप्सूल उपाशी पोटी नाही, जेवतानाच घ्यायची, पहिल्या घासापासून. साध्या भात-आमटीला आणि तर्रीदार मासवडीला चरबी वेगवेगळी असते, त्यामुळे जेवणानुसार डोस बदलायचा का तेही विचारून घ्या.

ही कॅप्सूल शाकाहारी असते का?
नाही. बाजारातली ही एन्झाइम बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. घरात माळकरी किंवा धर्माने वर्ज्य मानणारं कुणी असेल तर डॉक्टरांशी आधीच मोकळेपणी बोला. कुणालाही न सांगता गोळी बंद करणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

खर्चाचं काय?
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा.

पुढच्या फॉलोअपला जाताना स्कॅनच्या फाइलसोबत एक साधा कागद न्या: दर आठवड्याचं वजन, शौच कसं होतं, काय खाल्लं की त्रास होतो. स्कॅनमध्ये न दिसणारा भाग डॉक्टरांना त्या कागदावर दिसतो.